गुडघा सोन्याचा की साधा ते राहू द्या, प्लॅस्टिकचं विचारा!

गेल्या महिन्यात एक आजी मुलाबरोबर तपासायला आल्या. दोन्ही गुडघे पार झिजलेले, पाय धनुष्यासारखे वाकलेले. एक्स-रे पाहून ऑपरेशनचं बोलणं सुरू झालं, तसा मुलाने खिशातून मोबाइल काढला. व्हॉट्सॲपवर आलेली जाहिरात होती. चकचकीत सोनेरी गुडघ्याचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत ‘३० वर्षांची गॅरंटी’.

"डॉक्टर, तुम्ही हा सोन्याचा बसवता की साधा?"

मी म्हटलं, "धातूचं नंतर बघू. त्यातलं प्लॅस्टिक कोणतं आहे, ते लिहिलंय का कुठे?"

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. "प्लॅस्टिक? एवढे पैसे घेऊन आत प्लॅस्टिक घालता?"

आजी मात्र हसल्या. म्हणाल्या, "अरे, बादली प्लॅस्टिकचीच टिकते. पत्र्याची गंजते."

आजींचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. प्लॅस्टिकची बादलीसुद्धा गच्चीत उन्हात दोन वर्षं ठेवली तर एके दिवशी कडी हातात येते आणि बादली खाली राहते. हे का होतं, आणि त्याचा तुमच्या आईच्या गुडघ्याशी काय संबंध आहे, हे आज सांगणार आहे. थोडं भांडणही करणार आहे. जाहिराती करणाऱ्यांशी, आणि खरं सांगायचं तर माझ्याच व्यवसायबंधूंशी. गुडघा बदलण्याच्या बाजारात सगळी बडबड धातूची चालते आणि गुडघा किती टिकणार हे ठरवण्यात ज्याचा मोठा वाटा असतो, त्या पांढऱ्या चकतीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

आधी गुडघ्यात काय बसवतात ते पाहू. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचं आवरण बसतं, बहुतेक वेळा कोबाल्ट-क्रोमचं. नडगीच्या हाडावर धातूचा तळ बसतो. या दोघांच्या मध्ये साधारण एक सेंटिमीटर जाडीची पांढरी प्लॅस्टिकची गादी असते. चालताना वरचा धातू या गादीवरून घसरतो आणि लोळतो. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, जिना चढताना त्याहून जास्त. घरात वावरणारा, बाजारहाट करणारा माणूस एका पायावर वर्षाला सुमारे १० लाख पावलं टाकतो. म्हणजे ही गादी दहा वर्षांत एक कोटी वेळा दाबली जाते. तुमच्या गाडीच्या टायरवर एवढी वेळ आली तर तुम्ही टायरची चौकशी कराल की गाडीचा रंग कोणता ते विचाराल?

सोनेरी गुडघ्याचा सोनेरीपणा हा रंगच आहे. त्यात सोनं नसतं. टायटॅनियम नायोबियम नायट्राइड नावाच्या पदार्थाचा काही मायक्रॉन जाडीचा थर धातूवर दिलेला असतो. ज्यांना निकेलसारख्या धातूची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी तो सुचवला जातो, आणि तेवढ्यापुरता त्याला अर्थ आहे. बाकी सोनं म्हटलं की आपल्याकडे प्रश्न विचारणं थांबतं, हे जाहिरात लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

आता त्या पांढऱ्या गादीकडे येऊ. ती पॉलिएथिलीनची असते. दुधाची पिशवी ज्या घराण्यातली, त्याच घराण्यातली ही, पण आडनावापुरतंच साम्य. पॉलिएथिलीन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. पिशवीतल्या साखळ्या आखूड असतात. गुडघ्यात वापरतात त्या पॉलिएथिलीनचा एक रेणू हायड्रोजनच्या अणूपेक्षा वीस ते साठ लाख पट जड असतो, इतकी त्याची साखळी लांब. अशा साखळ्या एकमेकींत शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. हा गुंता म्हणजेच त्याचा चिवटपणा. हे प्लॅस्टिक वितळवलं तरी वाहत नाही, त्यामुळे बादलीसारखं साच्यात ओतता येत नाही. त्याची पूड घेऊन उष्णता आणि दाब देऊन ठोकळे किंवा दांडे बनवतात आणि मग बहुतेक वेळा ते कातून हवा तो आकार देतात.

ठोकळा तापवला की तो थंड करावा लागतो. इथे पहिली गंमत आहे, आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात रोज घडते.

लोणी कढवून तूप केलं आणि पातेलं ओट्यावर सावकाश निवू दिलं तर तूप रवाळ होतं. तेच तूप गरम असताना बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवलं तर ते गुळगुळीत, मेणासारखं थिजतं. तूप तेच. फरक फक्त थंड होण्याच्या वेगाचा. सावकाश थंड होताना रेणूंना एकमेकांशेजारी शिस्तीत बसायला वेळ मिळतो, मोठे स्फटिक तयार होतात, आपण त्याला रवा धरला म्हणतो. घाईने थंड केलं की जो जिथे आहे तो तिथेच गोठतो.

पॉलिएथिलीनचंही तसंच. सावकाश थंड केलं तर साखळ्या घडीच्या साडीसारख्या दुमडून जाड, नीट रचलेले स्फटिक होतात. प्लॅस्टिक जास्त ताठर होतं, दाबलं तरी लवकर आकार सोडत नाही. घाईने थंड केलं तर स्फटिक लहान आणि पातळ राहतात, गुंत्याचा भाग जास्त उरतो, आणि प्लॅस्टिक मऊ पण चिवट होतं. तुपाशी तुलना इथे थोडी सोडावी लागते, कारण पॉलिएथिलीन पूर्णपणे रवाळ कधीच होत नाही. गुडघ्यातल्या प्लॅस्टिकमध्ये साधारण निम्मा भाग स्फटिक आणि निम्मा गुंता असतो. स्फटिकामुळे ताकद, गुंत्यामुळे चिवटपणा. एका स्फटिकातून निघून गुंत्यातून वाट काढत दुसऱ्या स्फटिकात शिरणाऱ्या साखळ्या असतात. या सगळ्याला एकत्र बांधून ठेवतात त्या याच. त्या तुटल्या किंवा कमी झाल्या की तडा जायला मोकळं रान.

शिवाय प्लॅस्टिक उष्णतेचं वाईट वाहक. मोठा ठोकळा घाईत थंड केला तर बाहेरचा भाग एक आणि पोटातला भाग दुसराच, असा प्रकार होतो आणि आत ताण अडकून राहतात. म्हणून चांगला उत्पादक ठोकळा सावकाश, ठरलेल्या वेगाने थंड करतो. हे बाहेरून बघून कुणालाच कळत नाही. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. म्हणूनच कोणी बनवलं आणि त्याची नोंद कुठे आहे, याला महत्त्व.

मग कुणाच्या तरी डोक्यात येणारच की स्फटिकामुळे ताकद येते तर स्फटिकच वाढवू. तसं झालंही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हायलामर नावाचं प्लॅस्टिक बाजारात आलं. प्रचंड दाबाखाली तापवून आणि हळूहळू थंड करून त्यातला स्फटिकांचा वाटा निम्म्यावरून सुमारे ७० टक्क्यांपर्यंत नेला होता. कागदावर सगळे आकडे उत्तम. ताठरपणा जास्त, दबण्याला विरोध जास्त. नवीन, सुधारित, अधिक मजबूत! आणि रुग्णांच्या शरीरात मात्र ते अनेक ठिकाणी साध्या प्लॅस्टिकपेक्षाही लवकर झिजलं. विशेषतः जे हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं होतं, ते. काही वर्षांत ते बाजारातून गेलं. ज्यांच्या शरीरात बसलं होतं, त्यांच्यातल्या अनेकांना पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागलं.

‘नवीन’ हा शब्द ऐकून ज्यांचे डोळे चमकतात, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. सांधेरोपणाच्या क्षेत्रात ती पहिली नाही. ज्यांना आधुनिक सांधेरोपणाचे जनक म्हणतात ते इंग्लंडच्या रायटिंग्टन रुग्णालयातले जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. हो, तव्यावरचं टेफ्लॉन. निसरडं म्हणून निवडलं. सुमारे ३०० रुग्णांत बसवलं. दोन-तीन वर्षांत त्याचा चुरा झाला आणि त्या चुऱ्याभोवती शरीराने इतकी भयंकर प्रतिक्रिया दिली की वाट्या काढाव्या लागल्या. चार्नलींनी पुढे काय केलं? टेफ्लॉनची पूड स्वतःच्या मांडीत टोचून घेतली आणि शरीर काय करतं ते पाहिलं. पॉलिएथिलीनचा नमुना आला तेव्हा त्यांनी तो नखाने ओरखडून बघितला आणि नको म्हटलं. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी साहेब परगावी असताना गुपचूप तो झिजेच्या यंत्रावर लावला. दिवसरात्र यंत्र चालूनही झीज नगण्य. नोव्हेंबर १९६२ मध्ये पॉलिएथिलीनची पहिली वाटी बसली. आपल्या व्यवसायात स्वतःची चूक इतक्या उघडपणे मोजून बघणारी माणसं फार नाहीत.

आता किरणांकडे येतो. किरण म्हटलं की लोक घाबरतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

सांधा बसवायचा तर तो जंतुविरहित हवा. धातूचा भाग वाफेने निर्जंतुक करता येतो. प्लॅस्टिकचं तसं नाही. हे पॉलिएथिलीन साधारण १३५ अंशांना वितळतं आणि ऑटोक्लेव्हचं तापमान १२१ ते १३४ अंश असतं. म्हणजे वाफेत घातलं की आकार बिघडायची भीती. म्हणून १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून गॅमा किरणांचा वापर रूढ झाला. कोबाल्ट-६० या स्रोताजवळून खोका न उघडता फिरवून आणायचा. काम फत्ते. आपल्याकडे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्राचा आयसोमेड प्रकल्प १९७४ पासून वैद्यकीय वस्तू याच पद्धतीने निर्जंतुक करत आला आहे. सिरिंज, टाके घालायचे दोरे, अशा कितीतरी गोष्टींसाठी ही पद्धत उत्तम आहे. किरण दिलेली वस्तू किरणोत्सर्गी होत नाही, हेही सांगून ठेवतो. टॉर्चचा प्रकाश पडलेली भिंत रात्री स्वतः उजेड देत नाही, तसंच.

किरणांची मात्रा ग्रेमध्ये मोजतात. निर्जंतुक करायला साधारण २५,००० ते ४०,००० ग्रे लागतात. संपूर्ण शरीराला एकदम चार-पाच ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसं दगावतात. यावरून मात्रा किती मोठी आहे ते कळेल. एवढी ऊर्जा आत शिरली की साखळ्यांचे बंध तुटतात. तुटलेली टोकं म्हणजे रेणूचे उघडे हात. ते काहीतरी धरायला शोधत असतात. रसायनशास्त्रात त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात.

हे उघडे हात काय धरतात यावर सगळं अवलंबून आहे. शेजारच्या साखळीचा हात धरला तर दोन साखळ्यांमध्ये गाठ बसते. गाठी वाढल्या की झीज कमी होते. फार चांगलं. पण हवेतला ऑक्सिजन धरला तर साखळी तिथे तुटते, आणि ती प्रक्रिया पुढेपुढे चालूच राहते. शेंगदाण्याचं तेल जुनं झालं की खवट होतं ना, रसायन जवळपास तेच. गुडघ्याचं प्लॅस्टिकही असं आतून खवट होतं. उन्हातल्या बादलीचंही हेच, तिथे किरण सूर्याचे.

वाईट गोष्ट अशी की गुंत्याच्या भागातले उघडे हात लवकर जोडीदार शोधतात, पण स्फटिकांत अडकलेले वर्षानुवर्षं तसेच राहतात. खोक्यातल्या हवेतून, नंतर शरीरातल्या द्रवांतून ऑक्सिजन झिरपत जातो आणि त्यांना गाठतो. म्हणजे कारखान्यातून निघालेलं उत्तम प्लॅस्टिक गोदामातल्या फळीवर पडल्यापडल्या म्हातारं होतं. साखळ्या तुटून आखूड झाल्या की त्या पटापट दुमडून नवे स्फटिक करतात. म्हणजे पुन्हा ताठरपणा वाढला, गुंता घटला, चिवटपणा गेला. पापड जसा.

हे खवट होणं सगळ्यात जास्त कुठे होतं? पृष्ठभागावर नाही, तर एक-दोन मिलिमीटर खाली. अशी गादी कापून बघितली तर तिथे पांढरा पट्टा दिसतो. आणि चालताना गुडघ्यातल्या गादीवर सर्वांत जास्त ताणही पृष्ठभागाच्या थोडं खालीच येतो. दुष्काळात तेरावा महिना. वरून गादी गुळगुळीत दिसते, आतून तडा सरकत जातो आणि एके दिवशी भिंतीचा पोपडा सुटावा तसा थर सुटतो. जुन्या गुडघ्यांत दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी निघालेल्या अशा गाद्यांचे फोटो पाहिले की पुन्हा कधी ‘प्लॅस्टिकचं काय एवढं’ असं म्हणवत नाही.

खुब्यात थर सुटण्यापेक्षा बारीक झीज जास्त. ती पूड मायक्रॉनपेक्षाही बारीक असते. शरीरातल्या पांढऱ्या पेशी तिला जंतू समजून गिळतात, पचवता येत नाही म्हणून चिडतात, आणि त्या चिडण्यात शेजारचं हाड विरघळतं. १९८०च्या दशकात याला ‘सिमेंटचा आजार’ म्हणत होते. हाड सिमेंटमुळे खातंय म्हणून बिनसिमेंटचे सांधे आले. हाड तरीही विरघळत राहिलं. खरा गुन्हेगार मुख्यतः प्लॅस्टिकची पूड निघाली. मग प्लॅस्टिकच नको म्हणून धातूवर धातू घासणारे मोठे खुबे आले, त्यातला एक २०१० मध्ये जगभरातून परत बोलवावा लागला. एका चुकीचं कारण नीट न शोधता दुसरीकडे उडी मारण्याची ही किंमत.

गॅमा आणि हवा ही जोडी घातक आहे हे १९९०च्या दशकाच्या मध्याला सर्वमान्य झालं. पंचवीसएक वर्षं जगभर चाललेली पद्धत होती ती. त्यानंतर हवा काढून नायट्रोजन किंवा निर्वात पाकिटात किरण द्यायला सुरुवात झाली. काहींनी किरण सोडून इथिलीन ऑक्साइड वायू धरला. आणि १९९०च्या दशकाच्या शेवटी उलटा विचार आला. गाठी चांगल्या ना? मग किरणांची मात्रा वाढवून, ५०,००० ते १,००,००० ग्रेपर्यंत नेऊन भरपूर गाठी घालू आणि उरलेले उघडे हात आधीच बंद करून टाकू.

हात बंद करायला तापवावं लागतं, आणि पुन्हा तुपाची गोष्ट येते. वितळण्याच्या वर तापवलं तर सगळे स्फटिक विरघळतात, अडकलेले हात मोकळे होऊन एकमेकांना धरतात. खवटपणाची भीती जवळपास संपते. पण थंड होताना साखळ्यांना आता गाठी पडलेल्या असतात, त्यांना पूर्वीसारखं दुमडता येत नाही. रवा नीट धरत नाही. स्फटिक कमी, म्हणून ताकद कमी, वारंवार भार आला तर तडा जाण्याची शक्यता जास्त. वितळण्याच्या खाली तापवलं तर स्फटिक टिकतात, पण काही उघडे हात आत राहतात. इकडे आड, तिकडे विहीर. पुढे ई जीवनसत्त्व मिसळलेलं प्लॅस्टिक आलं, २००७ च्या सुमारास ते रुग्णांत वापरलं जाऊ लागलं. ई जीवनसत्त्व त्या उघड्या हातांना शांत करतं, त्यामुळे वितळवायची गरज राहत नाही. तेल खवट होऊ नये म्हणून ते तेलातही घालतात.

म्हणजे सगळ्यात चांगलं कोणतं? खुब्यासाठी मी बेधडक सांगेन, जास्त गाठींचं, म्हणजे हायली क्रॉसलिंक्ड. झिजेत पडलेला फरक वेगवेगळ्या देशांच्या नोंदवह्यांत स्वच्छ दिसतो. गुडघ्यासाठी इतक्या ठामपणे सांगणार नाही. तिथे झिजेइतकाच थकव्याने तडा जाण्याचा प्रश्न असतो आणि नोंदींतला फायदाही खुब्याइतका एकमुखी नाही. साधं पण हवेविना निर्जंतुक केलेलं, पुरेशा जाडीचं प्लॅस्टिक आणि सरळ रेषेत बसवलेला गुडघा, हे बहुतेक साठी-सत्तरीच्या रुग्णांना पुरतं. वाकडा बसवलेला गुडघा कोणत्याही प्लॅस्टिकला लवकर खातो. तिथे दोष सर्जनचा, पदार्थाचा नाही.

आता त्या ३० वर्षांच्या गॅरंटीचं बघू. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या अभ्यासात नोंदवह्या तपासून काढलेला अंदाज असा होता की पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. खुब्याचा आकडा ५८ टक्के. उत्तम आकडे आहेत, कोणालाही ऑपरेशनला घाबरायचं कारण नाही. पण हे २५ वर्षांपूर्वी बसवलेले सांधे आहेत. आज बाजारात आलेला गुडघा ३० वर्षं टिकतो हे कळायला ३० वर्षं जावी लागतील. अशा दाव्यांमागे सहसा प्रयोगशाळेतलं यंत्र असतं. यंत्रावर गुडघा लाखो वेळा वाकवतात आणि त्याचं भागिले दहा लाख करून वर्षं काढतात. यंत्र मांडी घालून बसत नाही, पायरीवर घसरत नाही, त्याचं वजन वाढत नाही, आणि २० वर्षांचं खवट होणं त्या यंत्रावर काही महिन्यांत पुरेपूर उतरत नाही. गॅरंटी कार्डात नवी गादी फुकट मिळेल असं लिहिलेलं असतं म्हणे. दुसऱ्या ऑपरेशनची कळ, रजा, जंतुसंसर्गाचा धोका, तो कोण भरून देणार?

सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या गुडघ्याला ७६,६०० रुपये, जीएसटी वेगळा. निर्णय रुग्णांच्या हिताचाच होता, मी तेव्हाही त्याच्या बाजूने होतो. पण बातम्यांतून लोकांच्या मनात वर्गवारी बसली ती धातूची. महाग धातू म्हणजे चांगला गुडघा. जाहिरातवाल्यांना आयतीच शिडी मिळाली.

माझे काही सहकारी म्हणतात, "रुग्णाला एवढं कशाला सांगायचं? त्याला काय कळणार रेणू आणि किरण?" मला हे पटत नाही. ज्या बाईने चाळीस वर्षं तूप कढवलं आहे, तिला रवा धरणं म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. कळत नाही ते आपल्याला सांगता येत नाही म्हणून. आणि स्पष्टच बोलायचं तर आपल्यापैकी कित्येकांनी खोक्यावरची बारीक अक्षरं वाचलेलीच नसतात. कंपनीचा माणूस थिएटरबाहेर उभा असतो, तो खोका देतो, आपण बसवतो.

एका ठिकाणी मी स्वतः पाहिलं आहे. गादीचं पाकीट उघडलं, माप मोठं निघालं, आणि ती ‘नंतर निर्जंतुक करून वापरू’ म्हणून बाजूला ठेवली. मी ठेवू दिली नाही म्हणून जरा वादही झाला. वरचं सगळं वाचलेल्याला आता कळेल की त्या गादीचं पुन्हा निर्जंतुकीकरण म्हणजे काय. वाफेत घातली तर आकाराचा भरवसा नाही, हवेत पुन्हा किरण दिले तर १९९०च्या आधीची चूक आपण स्वतःच्या हाताने करणार. उघडलेली, न वापरलेली गादी टाकून द्यायची असते. तिचे पैसे कोणी सोसायचे ते रुग्णालयाने आणि पुरवठादाराने आपसांत ठरवावं.

खोक्यावरची अक्षरं वाचणं अवघड नाही. स्टराइल या इंग्रजी शब्दाशेजारच्या चौकटीत आर असेल तर किरणांनी निर्जंतुक केलंय, ईओ असेल तर वायूने. आर दिसला म्हणून घाबरू नका, मात्र पाकीट निर्वात किंवा नायट्रोजनचं आहे ना, ते डॉक्टरांना विचारा. आणि ईओ असलं म्हणून त्या प्लॅस्टिकला कधी किरण लागलेच नाहीत असंही नाही, गाठी घालण्यासाठी आधी दिलेले असू शकतात. वाळूच्या घड्याळाच्या चित्राशेजारी मुदत संपण्याची तारीख असते. वर्तुळात दोनचा आकडा तिरक्या रेघेने खोडलेला असेल तर त्याचा अर्थ एकदाच वापरायचं. खोक्यात चिकटवायची लेबलं येतात. त्यातलं एक तुमच्या डिस्चार्ज कार्डावर लागलंच पाहिजे. दहा-पंधरा वर्षांनी फक्त गादी बदलायची वेळ आली तर हे लेबलच सांगणार आहे की कोणत्या मापाची, कोणत्या जातीची गादी आत आहे. आज माझ्याकडे दुसऱ्या ऑपरेशनला येणाऱ्यांपैकी अनेकांकडे ते नसतं. फाइल हरवलेली, रुग्णालय बंद पडलेलं, आणि एक्स-रे बघून मॉडेल ओळखण्याचा खेळ सुरू.

शेवटी एक नेहमीची शंका. गुडघा बदलल्यावर एक्स-रे काढले तर किरणांनी आतलं प्लॅस्टिक खराब होईल का? नाही. गुडघ्याच्या एका एक्स-रेमध्ये एक मिलिग्रेपेक्षाही कमी मात्रा असते, म्हणजे निर्जंतुक करायच्या मात्रेच्या अडीच कोटीव्या हिश्श्यापेक्षा कमी. एमआरआयमध्ये तर असे किरणच नसतात. तेव्हा वेळच्या वेळी एक्स-रे काढून घ्या. झीज आणि हाडातली पोकळी दुखायला लागण्याच्या खूप आधी त्यात दिसते, आणि त्या टप्प्यावर कधीकधी नुसती गादी बदलून भागतं.

त्या आजींचा उजवा गुडघा गेल्या आठवड्यात झाला. कोबाल्ट-क्रोमचा, साधा. मुलाने ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी खोका मागवून घेतला, चष्मा लावून तारीख वाचली, आर कुठे आहे ते शोधलं आणि पाकिटातली हवा काढलेली आहे का ते मला दोनदा विचारलं. लेबल कार्डावर लावलंय. एक प्रत त्याने फोटो काढून व्हॉट्सॲपवर घरच्या ग्रुपवर टाकली आहे. डावा गुडघा दिवाळीनंतर.